मुकादमाच्या मागे चालणारा

पेइ मुकादमाच्या टेबलावर सूयूनने पहिल्यांदा दोन वाडगे मांडले, तेव्हा त्याला वाटलं, बाई वेंधळी आहे.

"हा दुसरा कुणाला?"

"तुमच्याबरोबर आलेत ना, त्यांना," असं म्हणून ती भात आणायला आत गेली.

मुकादमाने वळून दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. बाहेर युन्नानच्या पठारावरचं कोरडं ऊन, लाल धुरळा, आणि त्या धुरळ्यात दोर ओढणाऱ्यांची हाळी. तो हसला, दुसरा वाडगा बाजूला सारला आणि पोटभर जेवला. इतकं करून सवरून माणसाला असं जेवण जातं, हे सूयूनने चुलीपाशी उभं राहून पाहिलं. याच्या घशातला घास आपण बाहेर काढायचा, असं तिने तेव्हाच ठरवलं.

त्याने काय करून सवरून ठेवलं होतं, ते सगळ्या विमानतळाला ठाऊक होतं, आणि सगळा विमानतळ मूग गिळून बसला होता.

जपान्यांनी ब्रह्मदेशाचा रस्ता तोडल्यापासून बंदुकीची गोळी असो की पेट्रोलचं पिंप, सगळं हिंदुस्थानातून डोंगरांवरून विमानाने यायचं. त्या विमानांचा धनी होता जनरल हॅरडिन. चिनी पलटणी शिकवायच्या, त्यांच्या हातात बंदुका द्यायच्या आणि जपान्यांना हाकलून रस्ता मोकळा करायचा, यासाठी अमेरिकेने त्याला इथे धाडलेला. त्याला थोरली विमानं उतरवायला लांब धावपट्टी हवी होती आणि ती छिंगमिंगच्या, म्हणजे पितरांच्या सणापर्यंत हवी होती. जिल्ह्याने गावोगाव दवंडी पिटली, घरटी एक माणूस. यंत्रं नव्हती. खडी बायकांनी हातोडीने फोडायची, आणि ती दाबायला दगडी रूळ, उभ्या माणसाच्या डोक्यावरून जाईल एवढा. शंभरावर माणसं पुढून दोर ओढायची आणि थोडी मागच्या दोरांवर असायची. पुढे चालणारा हाळी द्यायचा. कोणी पडलं तर त्याने "सोडा" म्हणून ओरडायचं, की मागचे लोक अंग टाकून रूळ अडवायचे. एवढाच काय तो त्या कामातला दयाधर्म.

सूयूनचा नवरा, शिमेन गावचा न्यू तागन, पुढच्या दोरावर होता. गवती चपलेचा बंद तुटला आणि तो तोंडघशी पडला. हाळी देणाऱ्या को काकाने हात वर केला, तोंड उघडलं, आणि पेइ मुकादमाची छडी त्याच्या तोंडावर बसली. "हाळी थांबली तर बघ," मुकादम म्हणाला. "सणाला जनरल उतरणार आहे इथे. उगाच दिवस घालवू नका." "सोडा" असं कोणी ओरडलंच नाही म्हणून मागच्यांनी अंग टाकलं नाही, आणि पुढच्यांना थांबता आलं नाही. तागन ओरडला. सूयून हाकेच्या अंतरावर खडी फोडत होती, तिने ते ऐकलं. मुकादमाने त्या जागी टोपल्या भरभरून खडी ओतवली, पुन्हा रूळ फिरवला, आणि दुसऱ्या दिवशी जाहीर केलं की शिमेनचा न्यू तागन काम सोडून पळाला.

पळपुट्याच्या घरातून दुसरा माणूस द्यावा लागतो. घरात दुसरं कोणी नव्हतंच, म्हणून सूयूनलाच ठेवून घेतलं, आणि मुकादमाने तिला आपल्या स्वयंपाकघरात घातलं. बाई डोळ्यांसमोर असलेली बरी, असा त्याचा हिशेब. माणूस दोन वर्षं प्रांताच्या शाळेत शिकलेला, पायात चामड्याचे बूट, पण एवढं साधं कळलं नाही त्याला, की तिच्या डोळ्यांसमोर तोही असणार होता.

तागन गेल्यावर आठवड्याने जनरल जीपमधून पाहणीला आला. वाळकुडा म्हातारा, चष्मा, डोक्याला जुनी टोपी, छातीवर एक पदक नाही. जिल्ह्याच्या साहेबांनी वाजंत्री आणली होती, ती त्याने हाताने गप्प केली आणि तडक पट्टीवर चालत सुटला. साहेब लोक मागून धावता धावता घामाघूम झाले. मजुरांना गंमत वाटली.

"नाकाड्या बरा दिसतो," कोणीतरी म्हणालं.

"बरा आहे," को काका फुटक्या ओठाने म्हणाला. "सलाम त्याला सगळे ठोकतात, ऐकत मात्र कोणी नाही. चुंगकिंगचे सरकारवाले त्याच्या बंदुका ठेवून घेतात, आणि त्याने पलटण मागितली की सगळ्यांच्या पोटात दुखायला लागतं."

चालता चालता जनरल नेमका तागन गेला त्या जागी थांबला. टाचेने खडी दाबून पाहिली, वाकून हात फिरवला, आणि काहीतरी बोलला. त्याचा दुभाषा, कुनमिंगच्या कॉलेजात शिकलेला शिडशिडीत तरुण, मोठ्याने म्हणाला, "जनरलसाहेब म्हणतात, सगळ्या पट्टीत ही जागा उत्तम बसलीय."

सूयूनच्या हातात चहाचं तबक होतं. ते तिने खाली ठेवलं.

मग जनरलने विचारलं, या कामात माणसं किती गेली.

"एकही नाही," मुकादम म्हणाला. "एकदोन पळाले, तेवढंच."

दुभाषा घुटमळला. त्याने मजुरांकडे पाहिलं, मजुरांनी आपापल्या पायांकडे. मग त्याने मुकादमाचंच उत्तर इंग्रजीत सांगून टाकलं. जनरल थोडा वेळ तसाच उभा राहिला, अजून कोणी काही बोलेल म्हणून वाट पाहिल्यासारखा.  "थांबू नका," तो शेवटी म्हणाला, "एकेक दिवस मोलाचा आहे," आणि जीपमध्ये बसला.

त्याने विचारलं, हे खरं. पण उत्तर देणाऱ्याच्या हातातली छडी त्याला दिसली नाही का? सूयूनला त्या दिवशी जनरलचाही संताप आला. तिच्या जागी दुसरं कोणी असतं तर त्यालाही आला असता.

मुकादमाला विष घालणं सोपं होतं. डोंगरात धोत्र्याच्या बियांना तोटा नव्हता. सूयूनने दोनदा त्या वेचून आणल्या आणि दोनदा फेकून दिल्या. विषाने तो मेला असता तर जिल्ह्याने त्याला काळी शवपेटी दिली असती, कागदाचे घोडे जाळले असते, रडायला माणसं लावली असती. आणि तागन पळपुटाच राहिला असता. गावात तिची सासू अजून दाराला कडी लावत नव्हती, पळालेला मुलगा चोरून घरी येईल म्हणून. सूयूनला हवं होतं ते एवढंच की मुकादमाने त्याच्या तोंडाने, सगळ्यांदेखत, काय केलं ते सांगावं. ते सांगून झालं की मग त्याने मरावं. आधी नाही.

म्हणून ती दोन वाडगे मांडत राहिली.

तिसऱ्या दिवशी त्याने वाडगा भिंतीवर फेकला. तिने शांतपणे खापऱ्या गोळा केल्या आणि नवा वाडगा ठेवला. चहाचे दोन पेले ओतले. हात धुवायच्या पाण्याशी दोन पंचे. त्याने छडी उचलली तर म्हणाली, "मारा हवं तर. पण मागे बघून उगारा, त्यांना लागेल." त्याची छडी वर गेली ती तिथेच थांबली, आणि त्याने मागे पाहिलं. एकदा पाहिलं की माणूस पुन्हा पुन्हा पाहतो.

"कोण आहे मागे? नाव घे त्याचं," तो एकदा गुरकावला.

"मी कशाला नाव घेऊ," ती म्हणाली. "माझ्यामागे थोडाच आहे."

आपल्या लोकांना पक्कं ठाऊक असतं, ज्याला माती मिळाली नाही तो कुठे जात नाही. ज्याने त्याची ही गत केली त्याच्या मागे चालत राहतो, आणि दिवसेंदिवस दोघांतलं अंतर कमी होत जातं. मुकादम शहरी बूट घालत असला तरी तो नदीकाठच्या खेड्यातल्या बाईच्याच दुधावर वाढलेला होता. शाळेने त्याला भुतांना हसायला शिकवलं होतं. त्यांची भीती मात्र शाळेआधीची होती.

पुढचं मजुरांनी केलं, आणि त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. खडीच्या दोन ढिगांमधून एक चिंचोळी वाट होती. मुकादम आला की लोक कडेला सरकायचे. एके दिवशी तो पुढे गेला तरी को काका तसाच कडेला उभा राहिला. कोणीतरी समोरून जात असल्यासारखे त्याचे डोळे हळूहळू सरकत गेले, मान किंचित झुकली, आणि मगच तो वाटेवर आला. मुकादमाने ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी पाचसहा जण तसेच उभे राहिले. त्यानंतर रूळ ओढणारी झाडून सगळी माणसं त्याच्यासाठी एकदा आणि त्याच्या मागच्यासाठी एकदा अशी वाट सोडायला लागली. कोणी हसत नव्हतं. या लोकांनी आयुष्यभर साहेबांसाठी वाट सोडली होती, त्यामुळे त्यांना ते छान जमत होतं.

एकटा खडीवाला ताय तेवढा खोडकर. तो म्हणाला, "मुकादमसाहेब, तुमच्या पाहुण्याला चप्पल तरी घेऊन द्या. बिचारा एकाच पायात घालून हिंडतोय."

तायच्या पाठीवर छड्या उमटल्या. पण मारताना मुकादम दर छडीला मागे वळून पाहत होता, आणि तायने रात्रीच्या भाताला सगळ्यांना तेच रंगवून सांगितलं.

मुकादम वाळला. भिंतीला पाठ लावून बसायला लागला, तरी बसण्याआधी भिंत चाचपून बघायचा. डुकराच्या मांसाचे तुकडे, मिरच्यांचा झणझणीत रस्सा, मोहरीच्या पानांचं लोणचं, सूयून मन लावून रांधायची, कारण त्याला भूक लागावी आणि जेवण जाऊ नये, हीच तर तिची इच्छा होती. कुनमिंगहून आणलेल्या औषधाच्या पुड्यांनीही त्याला झोप येईना. सूयूनला त्याची कीव आली का? नाही आली. चुलीपाशी बसून ती त्याचं उरलेलं मांस खायची, आणि तागन गेल्यानंतर तिला पहिल्यांदाच अन्नाची चव लागत होती.

सणाच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी त्याने जेवायच्या काड्या खाली ठेवल्या.

"ते लोक विमानासमोर धावतात," तो दुसरीकडे बघत म्हणाला. "त्याने खरंच सुटतं का?"

त्या खोऱ्यात, पट्टीच्या तयार तुकड्यावर, लहान विमानं उतरायला लागून वर्षही झालं नव्हतं, पण ही रीत मात्र पणजोबांच्या काळापासूनची असल्यासारखी पक्की झाली होती. ज्याच्या मागे काही लागलं असेल त्याने उतरत्या विमानाच्या अगदी नाकासमोरून पळत जायचं. आपण सुटतो, आणि मागचा पंख्यात सापडून तुटतो. एका म्हातारीचा खोकला त्याने गेला होता. दोघंतिघं पंख्याखाली येऊन मेलेही होते. अमेरिकन इतके चिडले की त्यांनी पट्टीच्या दोन्ही कडांना पहारे लावले. पेइ मुकादमाने यावर जिल्ह्याच्या कचेरीत खूप विनोद केले होते.

"मला काय माहीत, मी अडाणी बाई," सूयून म्हणाली.

"अगं, सांग."

"सुटतं म्हणतात. पण तुमचं अवघड आहे." ती टेबल पुसत राहिली. "लहानसहान विमानाने लहानसहान गोष्टी जातात. एवढ्या थोरल्या रुळाखाली गेलेल्याला थोरलं विमान लागणार."

मुकादमाच्या कपाळावर घाम आला. तिने पहिल्यांदाच रुळाचं नाव काढलं होतं, आणि त्याने हे खोटं आहे असं म्हटलं नाही.

"जनरलचं येतंय ते थोरलं आहे," तो म्हणाला.

"ते असेल मग."

"एवढंच? समोरून पळायचं, झालं?"

सूयूनने फडकं पिळलं. हा माणूस मजूर धावताना दिसले की तुच्छतेने पाठ फिरवायचा, त्याने ती रीत एकदाही धड पाहिली नव्हती. ते तिला ठाऊक होतं. पुढचं जे ती बोलली, ते त्या खोऱ्यात कोणी कधी ऐकलं नव्हतं.

"नुसतं पळून कसं चालेल? तो तुमच्यापासून चार पावलं मागे असतो. तुम्ही पळालात तर तो कडेलाच थांबेल आणि विमान गेलं की परत येईल. मधोमध उभं राहायचं. त्याला नावाने, गावाच्या नावाने तीनदा हाक मारायची. का मागे लागला ते कबूल करायचं, नाहीतर त्याला वाटेल, हाक दुसऱ्याच कुणाला आहे. मोठ्याने हं, तो रुळाच्या आवाजात गेलाय. तो अगदी पाठीला आला की मग पळायचं."

"तोवर विमान नाही का येणार?"

"पळता येत नसेल तर राहू द्या," ती म्हणाली. "दोन वाडगे मांडायला मला काही जड नाही."

सणाच्या दिवशी लोकांनी पितरांच्या थडग्यांवर जायचं, गवत उपटायचं, दारू शिंपायची. त्या वर्षी कोणालाच सोडलं नाही. सगळे मजूर पट्टीच्या कडेला ओळीने उभे केले, हातात कागदी झेंडे दिले. सूयूनला कुठे जायचंच नव्हतं. तिच्या तागनचं थडगं समोर होतं, सपाट, आणि त्याच्यावरूनच आज विमानाची चाकं जाणार होती. साहेबांच्या रांगेत पेइ मुकादम नवा कोट घालून उभा होता. साहेब असल्यामुळे पहारेकऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

डोंगराच्या खिंडीतून विमान दिसलं. वाजंत्री सुरू झाली. विमान वळलं, खाली आलं, चाकं दिसायला लागली, आणि पेइ मुकादम रांगेतून सुटून पट्टीवर पळत गेला. पहारेकरी ओरडले. जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांचा झेंडा हातातून पडला. मुकादम मधोमध पोचला, थांबला, आणि त्याने विमानाकडे नाही, मागे तोंड करून हाक मारली.

"शिमेनच्या न्यू तागन!"

वाजंत्री थांबली.

"शिमेनच्या न्यू तागन, तू पळाला नव्हतास. मी हाळी थांबू दिली नाही. तू जिवंत होतास आणि मी तुझ्यावरून रूळ नेला. शिमेनच्या न्यू तागन, ये."

विमानाच्या घरघरीत अर्ध्यांनी ऐकलं, उरलेल्यांना ऐकलेल्यांनी सांगितलं. मजुरांच्या रांगेतून हुंकारासारखा एक आवाज उठला. एवढे दिवस सूयूनच्या छातीवर जे बसलं होतं, ते त्या हाकेबरोबर उठलं. आता, ती मनात म्हणाली, आता मर.

पण वैमानिकाने त्याला पाहिलं होतं. विमानाचं नाक एकदम वर गेलं, चाकं मुकादमाच्या डोक्यावरून गेली आणि वाऱ्याने तो कोलमडत खडीवर पडला. विमान वर चढलं आणि चक्कर घ्यायला वळलं.

मुकादम उठून बसला. गुडघे फुटले होते, नव्या कोटाची एक बाही गेली होती, आणि तो हसत होता. दोन पहारेकऱ्यांनी त्याला धरून कडेला आणलं तरी हसायचा थांबेना. "गेला," तो म्हणाला. "पाठीला आला होता, मला कळलं, आणि गेला. पाठ हलकी झाली माझी." सूयूनसमोर येताच त्याने चक्क तिचे हात धरले. "बाई, तुझे उपकार झाले. तू सांगितलंस म्हणून सुटलो."

सूयूनच्या अंगाची आग झाली. त्याने कबूल केलं होतं, सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि तरी हा बाजारातून आल्यासारखा हसत उभा होता. उद्या साहेब लोक म्हणतील, बिचाऱ्याचं डोकं फिरलं होतं. हा महिनाभर सासुरवाडीला जाऊन आराम करील, पोटभर जेवील. तिनेच त्याची भूक परत दिली होती. हात सोडवून घेताना तिला आपली आई आठवली, लेकीच्या तापात दाराच्या उंबऱ्यावर उभी असलेली, आणि तिचा श्वास एकदम शांत झाला.

"मुकादमसाहेब, तुमचं गाव नदीकाठचं ना?"

"हो."

"लहानपणी तुम्ही तापाने फणफणलात की आई काय करायची?"

"काय म्हणजे?" तो अजून हसत होता. "दारात उभी राहून हाक मारायची. सगळ्यांचीच आई मारते."

"काय म्हणून?"

"नावाने. गावाच्या नावाने. तीनदा. म्हणायची, ये."

"कशासाठी?"

"भटकलेला जीव परत यावा म्हणून. आपल्या माणसाकडे परत येऊन…"

तो थांबला. भोवतीच्या मजुरांत कोणी हलेना. को काकाने तोंडावर हात ठेवला.

"धावणारा कोणी कधी नाव घेत नाही," सूयून म्हणाली. "कुणालाही विचारा. गप्प पळतात आणि सुटतात. नावाची गोष्ट मी तुम्हाला सांगितली. तुम्ही पळून गेला असतात तर तो तुटलाही असता. पण तुम्ही तर त्याला बोलावलंत, अगदी आईसारखं. आता तो चार पावलं मागे नाही चालणार."

मुकादमाचा हात आपोआप पाठीकडे गेला, मानेखाली, जिथे हात पोचत नाही तिथे. त्याच्या तोंडावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं, ते तसंच राहिलं आणि डोळे तेवढे बदलले.

दुसऱ्या खेपेला विमान नीट उतरलं. जनरल शिडीवरून खाली आला तो रागाने लाल होऊन, आणि सरळ या घोळक्याकडे. कोण आहे हा, पट्टीवर का आला, त्याने विचारलं. दुभाष्याने या वेळी मुकादमाकडे पाहिलंच नाही. जे हाक मारून सांगितलं गेलं होतं ते सगळं त्याने सांगितलं, आणि मागच्या खेपेला आपण काय उत्तर पोचवलं होतं तेही सांगितलं.  जनरलने टोपी काढली. पायाखालच्या खडीकडे त्याने बराच वेळ पाहिलं.

"हा तुमच्या सरकारचा माणूस," तो सूयूनला म्हणाला, आणि दुभाषा एकेक वाक्य सांगत गेला. "याला शिक्षा करणं माझ्या हातात नाही. इथे फार थोडं माझ्या हातात आहे. पण विमान माझं आहे. याला आत्ता उचलून कुनमिंगला नेतो. या पट्टीवर तो पुन्हा पाय ठेवणार नाही. चालेल?"

हे ऐकताच मुकादम जनरलच्या पायांवर पडला. "न्या," तो म्हणाला. "तुरुंगात घाला. पण इथून न्या, तो पडलाय त्या खडीवरून." आणि उठून शिडीकडे धावला आणि तिला घट्ट धरून बसला.

"नको," सूयून म्हणाली. "साहेबांना सांगा, मुकादमांना इथेच राहू द्या. कामावरून काढू नका. रोज पट्टीवर हिंडणं त्यांचं काम आहे, ते करू द्या. मी त्यांना रांधून घालीन."

जनरल चकित झाला. "का?" त्याने दुभाष्याला विचारलं. "असं का म्हणते ती?"

दुभाष्याने सूयूनकडे पाहिलं. तो कुनमिंगचा असला तरी त्याच्याही आईने कधीतरी दारातून हाक मारलीच असणार. त्याला सगळं कळलं होतं.

"तिच्या मनात काही राहिलेलं नाही, साहेब," तो म्हणाला.

जनरलचे डोळे ओले झाले. त्याने आयुष्यात खूप लढाया पाहिल्या असतील, पण अशी क्षमा पाहिली नव्हती, असं तो म्हणाला, आणि सगळ्या साहेबांदेखत त्या खडीवाल्या बाईला त्याने सलाम ठोकला. मग शिडीकडे वळून त्याने आपल्या शिपायांना खूण केली.

मुकादम किंचाळत होता, पण काय म्हणतोय ते दुभाषा सांगत नव्हता. शिपायांनी त्याची बोटं शिडीवरून एकेक करून सोडवली, त्याला उचलून आणलं आणि सूयूनच्या पुढ्यात, पट्टीवर, स्वतःच्या पायांवर उभं केलं.